दुःख मी धरतो, वाकळा तुम्ही धुवा

"ॲबसेस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे आत पू साठून त्याची पिशवी झाली आहे. नुसत्या गोळ्यांनी आता भागणार नाही. चीर देऊन काढावा लागेल, आणि आजच."

लातूरच्या दवाखान्यात मी दारात उभा होतो. हातात दोन महिन्यांची नात. आत खाटेवर माझी सून रेखा तोंड भिंतीकडे करून पडलेली. गळू तिच्या छातीवर होतं. पाजत्या बाईच्या छातीवर. हे मी उघड लिहितो, कारण हेच सांगायला लाजली म्हणून ती अंगात ताप घेऊन भाकरी थापत होती. छाती काय आणि पाठ काय, पू झाला की तो पूच. रेखाला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिवा मामा, पण माझं नाव बदला." मी म्हणालो, नाव बदलून काय करू, गावाला म्हाईत हाय मला सून एकच हाय. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तसंच."

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आजोबा, घरात आणखी कुणाला अशी गळवं येतात का?"

"कुणाला येत न्हाईत ते इचारा," मी म्हणालो.

माझ्या काखेत आलं, बरं झालं, परत आलं. पोरगा बालाजी अर्धापूरला केळीच्या गाडीवर असतो. तो घरी आला की मानेवर गळू घेऊन जायचा आणि पुढच्या खेपेला दुसरं घेऊन यायचा. गल्लीत तर घरागणिक. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याला रिकरंट म्हणतात. म्हणजे फिरून फिरून येणारं. हा जंतू नाकात राहतो, काखेत, जांघेत राहतो. बसून असतो, काही करत नाही. कातडीला कुठं खरचटलं की आत शिरतो. तुमच्या घरात तो पाहुणा राहिला नाही आजोबा, घरजावई झालाय."

बाई हसवायला बोलल्या असतील. मला हसू आलं नाही. तो ताप, ते भिंतीकडं वळलेलं तोंड, मी आधी पाहिलं होतं. माझी बायको गया अशीच पडली होती आणि परत उठली नव्हती.

ज्यांच्या घरात गळवं जातात आणि परत येतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस. जन्म गुऱ्हाळावर गेला. गुळव्या होतो, म्हणजे रस कधी उतरवायचा ते काहिलीपाशी उभं राहून सांगणारा. दवाखान्याची भाषा मला येत नाही. पण जे कळलं ते सांगितल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवलंय.

गयाला साखरेची बिमारी होती. मानेच्या मागं काळपुळी झाली. काळपुळी म्हणजे साधं गळू नव्हे, पाच-सहा तोंडांचं, आत खोल गेलेलं. डॉक्टर त्याला कार्बंकल म्हणतात. तिनं पदर वर घेतला आणि कुणाला दिसू दिलं नाही. भाजलेल्या कांद्याचं पोटीस लावायची आणि वाकळ शिवत बसायची. लेकीकडं नांदेडला गेली तिथं थंडी वाजून आली. दवाखान्यात न्हेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सेप्सिस. म्हणजे जंतू रक्तात उतरले. उतरले ते उतरलेच. पितृपाठात गेली, घट बसायच्या आधी.

वाकळ म्हणजे गोधडी. गल्लीतल्या सगळ्या वाकळा गयाच्या हातच्या. घरोघरची जुनी लुगडी, धोतरं, शर्ट यायचे आणि ती थरावर थर टाकून धावदोरा घालायची. पाहुणे आले, बाळंतीण आली, लग्न निघालं, की वाकळा या घरातून त्या घरात जायच्या. कुणाची कुठली हे फक्त तिला ओळखू यायचं. ती गेल्यावर तर कुणालाच कळेना. ज्याच्या घरी जी होती ती त्याची झाली.

थंडीत गळवं सुरू झाली. आधी म्हणाले उष्णता. सब्जा प्याले, कडुलिंबाचा पाला वाटून लावला. मग एकेकटा जाऊन सुई टोचून आला. बरं वाटलं. मग परत. बापू म्हणजे माझा चुलतभाऊ, भावकीत थोरला. त्याला बसायच्या जागी झालं. तो पारावर एका कुल्ल्यावर बसायचा आणि तरी सगळ्यांचा न्याय करायचा. मी म्हणालो, "बापू, आज इन्साफ तिरका दिसतोय." तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढं बाया कुजबुजायला लागल्या. गयाच्या वाकळा अंगावर घेतल्या की होतंय. तिचा जीव त्यात अडकलाय. माझ्या तोंडावर कोण बोललं नाही, पण एकीनं आपली वाकळ माझ्या ओट्यावर आणून टाकली आणि मागं न बघता गेली. मी ती उचलून घरात घेतली. त्या दिवशी रेखाला म्हणालो, या घरातली एक वाकळ बाहेर जाणार न्हाई. गयाची स्वतःची वाकळ तर मी रोज पांघरायचो. तिच्यात तिचा वास होता. तंबाखूची मिसरी आणि खोबरेल.

त्याच वाकळेवर मी नातीला घेऊन निजवायचो. त्यावरूनच रेखा तिला पाजायला उचलायची.

चैतात एक दिवस नात रडायची थांबेना. रेखा तिला एकाच बाजूला घ्यायची आणि दुसऱ्या बाजूला धक्का लागला की ओठ चावायची. मी म्हणालो, "दुखतंय ते सांग."

"कायबी न्हाई मामा. दूध साकळलंय."

"सासू असती तर तिला सांगितलं असतंस का?"

तिनं पदर पुढं ओढला.

"ती न्हाई आता. मीच सासू हाय असं समज. औशाची जीप हाय, तिथून लातूर. उठ."

शेजारची बाई म्हणाली, "सासरा घेऊन जातोय व्हय असल्या कामाला?" मी म्हणालो, "तू येतीस का संगं? न्हाई ना? मग जीपला आडवी हू नगंस."

म्हणून मी त्या दारात उभा होतो.

चीर दिली. पू निघाला, वाटीभर. आत पट्टी भरली. त्यातलाच थोडा पू कापसाच्या काडीवर घेतला, त्याला स्वॅब म्हणतात. तो कल्चरला गेला. कल्चर म्हणजे जंतू बशीत वाढवायचा आणि तो कुठल्या औषधानं मरतो ते बघायचं. रेखाला वॉर्डात ठेवलं. मी बाहेर बाकावर. बाकावर बायामाणसं एकमेकांना विचारत होती, तुमचं काय, आमचं काय. मला विचारलं की मी सांगायचो, सुनंच्या छातीला गळू. ऐकणारे खाली बघायचे. मी बघायचो नाही. बालाजी अर्धापूरहून आला, तो सुद्धा म्हणाला, "आण्णा, जरा हळू बोला." मी म्हणालो, "तुझी आई हळूच बोलली होती."

वॉर्डातल्या एका आजीनं रेखाला सांगितलं, दूध नासलंय, पोरीला पाजू नको, तोडून टाक. रेखा रडायला लागली. मी डॉक्टरीणबाईंना वाटेत गाठलं. त्या म्हणाल्या, "पाजणं थांबवायचं नाही. चांगल्या बाजूनं पाजा. या बाजूचं दूध साठू द्यायचं नाही, कसं काढायचं ते सिस्टर दाखवतील, आणि या बाजूला कधी घ्यायचं ते मी सांगते. दूध थांबवलं तर गाठ वाढेल." बाळंतिणींनो, हे नीट वाचा. तुमच्याही वॉर्डात अशी आजी असणार. मनानं काही करू नका, डॉक्टरला विचारा.

ताप चढला की मी रेखाच्या डोळ्यांत बघायचो. गयाचे डोळे शेवटी काचेसारखे झाले होते. रेखाचे नव्हते. ती मला म्हणायची, "मामा, आसं काय बगलालाव, मी मरत न्हाई." मी म्हणायचो, "मरून बग, वर येऊन मारतो."

कल्चर आलं. बाईंनी नाव सांगितलं, ते मला एवढंच धरता आलं, स्टॅफ. "आणि हा नेहमीच्या औषधांना जुमानत नाही," बाई म्हणाल्या. "कुणाचं ऐकत नाही, हटत नाही."

"आमच्या भावकीतलाच दिसतो," मी म्हणालो.

बाईंनी औषध बदललं. ताप उतरला. घरी सोडायच्या वेळी त्यांनी मला आणि बालाजीला समोर बसवलं. हे बरं झालं तरी परत येईल, असं त्या सरळ म्हणाल्या. "घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी इलाज करायचा. ज्याला गळू नाही त्यानंही. मी लिहून देते ते मलम नाकात लावायचं, औषधी साबणानं अंघोळ करायची, मी सांगेन तितके दिवस. बाळाचं वेगळं असेल, ते बाळाच्या डॉक्टरांना विचारून. पंचा ज्याचा त्याचा. नखं कापायची. गळू पिळायचं नाही, झाकून ठेवायचं. आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं."

मग त्यांनी विचारलं, "अंथरूण शेवटचं कधी धुतलं होतं?"

मी रेखाकडं बघितलं. ती म्हणाली, "दसऱ्याला." आणि लगेच, "न्हाई. औंदा दसरा कुठं केला."

आमच्याकडं वाकळा वर्षातून एकदा धुतात, दसऱ्याच्या आधी, घट बसायच्या अगोदर. वाकळ भिजली की दोन माणसांना उचलत नाही, पाणी लागतं, ऊन लागतं. म्हणून ते धुणं दसऱ्याचंच. नदीला बाया एक दिवस ठरवून जातात. आणि गया गेली ती नेमकी त्याच टायमाला. गल्ली सगळी भावकीची, आणि भावकीला सुतक. कुणाच्या घरात घट बसला नाही. घट नाही तर धुणं नाही. पुढं थंडी आली, मग पाणी आटलं. गल्लीतल्या एकाही घरानं वाकळ धुतली नव्हती. सगळ्यांनी माझ्या बायकोचं दुःख पाळलं होतं, आणि त्या न धुतलेल्या वाकळा या घरातून त्या घरात फिरत होत्या.

मी बाईंना हे सांगितलं. त्या लिहायचं थांबल्या. म्हणाल्या, "गळवं फक्त पांघरुणानं येत नाहीत, आजोबा. एकमेकांच्या अंगाला अंग लागतं, एकच पंचा, एकच ब्लेड. पण तुमच्या एका घरानं भागणार नाही हे खरं. गल्लीला घेता येईल का बरोबर?"

मी म्हणालो, "घेतो."

घेतो म्हणणं सोपं होतं. संध्याकाळी पारावर गेलो आणि बोललो. आधी कोण ऐकेना. आमच्या गावच्या आशाताई, सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरणाऱ्या, त्या हेच सांगत होत्या म्हणे. पण त्या दारात आल्या की लोक गळू धोतराखाली घालायचे. त्याही तिथं होत्या. मला म्हणाल्या, "तात्या, मला तर सांगतेत आमच्या घरात सगळे ठणठणीत." मी म्हणालो, "बापू, उठून दाखव तुझं ठणठणीत." पोरं हसली. बापू तापला.

"तात्या, वरीस सरलं न्हाई," तो म्हणाला. "दुःखाच्या घरचं अंथरूण चैतात काढायचं? दसऱ्याचं धुणं चैतात? रीत हाय का काय हाय? आन् येवढंच असंल तर पेटवून दे की समद्या वाकळा. तुझ्या गयाच्याच हायत न्हवं?"

त्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्या पाराला कळलं. मी उभा राहिलो. मला भाषण येत नाही. म्हणालो, "मरण माझ्या बायकोचं हाय. दुःख मी धरतो, मरस्तोवर धरतो. तुमी वाकळा धुवा. आन् पेटवायचं नाव काढायचं न्हाई. तिच्या हातानं तुमची लेकरं थंडीची निजवली. बिमारी तिच्या टाक्यात न्हाई, तुमच्या-माझ्या मळात हाय."

बापू तिरका उठून घरी गेला. मला वाटलं, संपलं. पण सकाळी बाया आल्या. पाणी कुठून, एवढं गरम कशात करायचं, हेच विचारायला आल्या. म्हणजे करायचं का नाही हा सवाल त्यांच्यापुरता मिटला होता.

मला एकच गोष्ट येते, मोठ्या काहिलीत उकळी आणायची. गुऱ्हाळाचा हंगाम होळीलाच संपला होता. मालकाकडं गेलो. तो म्हणाला, "तुमच्या चिंध्या माझ्या काहिलीत? त्यात मी गूळ करतो तात्या!" बरोबर बोलला. मी म्हणालो, मागं पडलेली ती जुनी दे, बुडाला ठिगळ मारलेली. तिच्यात गूळ होत न्हाई, वाकळ होईल. त्यानं ती दिली आणि वरून बोअरचं पाणीही दिलं. चुलाणात घालायला चिपाडं पडलेलीच होती.

तोवर आशाताईंनी घरोघर जाऊन ज्याला गळू होतं त्याला उपकेंद्रात धाडलं, नाकाचं मलम कुणी कसं लावायचं ते समजावलं. मलम सगळ्यांनी एकाच दिवसापासून लावायचं ठरलं. एक म्हातारी म्हणाली, "नाकात? गळू खाली आन् औषध वर?" ताई म्हणाल्या, "चोर घरात शिरतो खिडकीनं, आजी. कुलूप तिथंच लावायचं."

ठरल्या दिवशी सगळी गल्ली गुऱ्हाळावर. चिपाडं पेटली. पाणी खदखदलं. पहिल्या वाकळा टाकल्या आणि पाणी जे काळं आलं, तसली मळी मी उसाच्या रसावर कधी बघितली नाही. हाताला सवय, मी झारा घेऊन फेस काढायला लागलो. एक बाई ओरडली, "तात्या, पाकाला तार आली का?"

"आली," मी म्हणालो. "आधी तुझ्या नवऱ्याला चाटवू."

लई हसल्या. त्या गल्लीत गया गेल्यापासून एवढं कुणी हसलं नव्हतं.

दुपारी बापू आला. खांद्यावर वाकळ, तोंड दुसरीकडं. काहिलीपाशी आला, वाकळ खाली टाकली आणि म्हणाला, "नीट शिजव. कच्ची ठिवू नगंस."

सगळ्यात शेवटी माझी राहिली. गयाची. रेखा लांब सावलीत पोरीला घेऊन बसली होती, तिथून उठून जवळ आली. म्हणाली, "मामा, ही ऱ्हाऊ द्या पाहिजे तर. पोरीला हिच्यावर नगा निजवू म्हंजे झालं." सून मला चांगली मिळाली, हे तेव्हा कळलं. मी वाकळ नाकाला लावली. मिसरी, खोबरेल. मग काहिलीत सोडली आणि बडग्यानं खाली दाबली. वर आली, परत दाबली. धूर होता, म्हणून डोळ्यांचं कुणी काही विचारलं नाही.

सगळं झटक्यात मिटलं असं मी म्हणणार नाही. एका घरानं मलम अर्ध्यात सोडलं, त्यांच्याकडं परत गळू निघालं. न्हाव्याकडं प्रत्येकाला नवं ब्लेड, यावरून भांडण झालं. त्यात मी पुढं होतो. घरात आता प्रत्येकाचा पंचा वेगळ्या खिळ्याला असतो. बालाजी अर्धापूरहून आला की आधी अंघोळ, मग पोरीला हात. तो कुरकुरतो. कुरकुरू दे. पंचे आणि चादरी आम्ही आता सणाची वाट न बघता धुतो. पाणी कमी असलं तर एक तांब्या कमी पितो, पण धुतो.

रेखाची जखम आतून भरत आली. पट्टी बदलायला किती चकरा झाल्या ते मोजलं नाही. एक दिवस ती ओसरीवर बसून पोरीला त्याच बाजूला घेऊन बसली होती. मी पाठ फिरवून बाहेर जायला निघालो, तर म्हणाली, "मामा, पितीय." मी म्हणालो, "मग पिऊ दे की, मला काय सांगतीस." पारावर जाऊन बसलो. बापूनं विचारलं, काय झालं, तोंड का असं? मी म्हणालो, पितीय. त्याला काही कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत, आशाताईंचे आहेत, ठिगळाच्या काहिलीचे आहेत. ते मी मानतो. पण ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी उपकाराची वाट बघू नये. गळू लपवू नका. एकट्यानं टोचून येऊ नका, घराला घर जोडून सगळे एकदम इलाज करा. आणि कोणी मेलेल्या बाईच्या हाताला नाव ठेवत असेल तर त्याला पारावर उभा करा.

औंदा गयाचं वर्षश्राद्ध झालं आणि दसरा आला. बाया नदीला धुणं घेऊन गेल्या, मीही गेलो. पुरुष म्हणून कुणी हसलं नाही, सवय झाली होती. गयाची वाकळ मी स्वतः दगडावर आपटली. वास कधीच गेला होता. तिचा धावदोरा मात्र एका जागी उसवला नव्हता. वाळवून आणली आणि पोरीच्या झोळीत घातली.

रात्री जेवताना बालाजीला आणि रेखाला सांगून टाकलं. बापूलाही सांगितलंय, कारण तो मागं राहिला तर रीत काढत बसेल. मी मेलो की रडायचं तेवढं रडा. घट बसवू नका, पुरण करू नका, सण सोडा. धुणं सोडलं तर बघा.